बर्लिनमध्ये संध्याकाळी सातनंतर काय करायचं? (दोघं, पन्नाशीपुढचे, न पिणारे)

निवांत

नमस्कार मंडळी. १८ जूनला, गुरुवारी दुपारी मी आणि बायको बर्लिनला पोचतोय, सोमवारी सकाळी निघणार. म्हणजे चार रात्री. दिवसाचं सगळं ठरलंय. भिंत, म्युझियम, एक दिवस पॉट्सडॅम. अडचण आहे ती सातनंतरची. मागच्या युरोपवारीत आम्ही रोज साडेसातला हॉटेलच्या खोलीत येऊन पडायचो. बाहेर लख्ख उजेड, खाली लोक हिंडतायत, आणि आम्ही मोबाइलवर मालिका बघतोय! या वेळी तसं झालं तर मी एकटी बाहेर पडेन, असं हिने आधीच बजावलंय.

मी ५८, ही ५५. ही पीत नाही, माझी एखादी बिअर होते. नाचता दोघांनाही येत नाही, बघायला आवडतं. हिने वीस वर्षं शास्त्रीय गाणं केलंय, त्यामुळे कान तयार आहे, आणि बेसूर काही ऐकलं की चेहऱ्यावर लगेच दिसतं. माझा उजवा गुडघा कुरकुरतो, तासन्‌तास उभं राहणं जमणार नाही. हॉटेल वार्शाउअर श्ट्रासं स्टेशनजवळ घेतलंय. स्वस्त मिळालं म्हणून घेतलं, का स्वस्त होतं ते माहीत नाही.

रात्री बारा-एकला परत येणं ठीक आहे का? गाड्या मिळतात का? आणि एक शेवटचं. जावई चेष्टेत म्हणाला, "बर्गहाइनला जाऊन या," तेव्हापासून हिच्या डोक्यात ते बसलंय. आत नको, पण त्या क्लबबाहेरची ती प्रसिद्ध रांग तरी बघायची म्हणते. हा वेडेपणा आहे का?

झुकझुक

गाड्यांचं मी सांगतो, बाकीचं जाणकार सांगतील. शुक्रवारी आणि शनिवारी रात्री ऊ-बान, म्हणजे इथली मेट्रो, रात्रभर चालते, साधारण दर पंधरा मिनिटांनी. बाकीच्या रात्री एकच्या सुमाराला बंद होते ती साडेचारपर्यंत. तेवढ्या वेळात त्याच मार्गाने बस असते, नंबरच्या आधी एन. ऊ१ ऐवजी एन१, इतकं सोपं. तुमच्या स्टेशनवरून एम१० ट्राम सुटते, ती रात्रभर असते. शनिवारी रात्री तिच्यात बसलात तर वेगळ्या करमणुकीची गरज नाही. 😄

स्टेशनात शिरताना फाटक नाही, कोणी अडवत नाही, म्हणून तिकीट राहून जातं. कागदी तिकीट घेतलंत तर फलाटावरच्या पेटीत घालून छाप मारून घ्या. नुसतं खिशात ठेवलेलं तिकीट म्हणजे तिकीटच नाही. तपासनीस साध्या कपड्यांत असतात, दंड ६० युरो. मी भरलाय. "पर्यटक आहे हो" वगैरे सगळं बोलून झालं होतं.

रात्रपाळी

निवांतकाका, मी बर्लिनमध्ये नऊ वर्षं नर्स आहे, त्यातली सहा रात्रपाळीची. त्यामुळे या शहराची रात्र मी मागच्या दाराने बघितलीय. लोक नटूनथटून निघतात तेव्हा मी डबा घेऊन निघते. आणि सकाळी मी पाय ओढत परत येते तेव्हा काहीजण नुकतेच घरातून निघालेले असतात, क्लबला! रविवारी सकाळी साडेसहाला तुमच्या त्या वार्शाउअरच्या पुलावर उभं राहून बघा. गालावर चमकी लावलेला, काळी जाळीची बनियन घातलेला एक मुलगा बेकरीतला गरम पाव खातोय, शेजारून एक आजी कुत्र्याला फिरवतायत, आणि दोघं एकमेकांना "गुड मॉर्निंग" म्हणतायत. आजींचा दिवस सुरू होतोय, त्याचा कुठला चाललाय ते त्यालाच माहीत.

तुमची खरी अडचण ठिकाणांची नाहीये. झोपेची आहे. सकाळी आठला बाहेर पडून सातपर्यंत चालत राहिलात तर कुठल्याही शहरात साडेसातला खोलीतच पडाल. आम्ही रात्रपाळीवाले करतो तेच करा. चार वाजता हॉटेलवर या, पडदे ओढा, मोबाइल बंद, दोन तास झोपा. लवंडणं नव्हे, रीतसर झोपा. सहाला उठा, आंघोळ, चहा, आणि साडेसातला ताजे होऊन बाहेर. जूनमध्ये इथे सूर्य साडेनऊला मावळतो आणि दहा-सव्वादहापर्यंत दिसत राहतं. म्हणजे झोपून उठल्यावरसुद्धा तुमच्या हातात अख्खी संध्याकाळ असते. (डिसेंबरात चारच्या आत अंधार पडतो, तेव्हा ही युक्ती करू नका, उठाल तेव्हा रडू येईल.)

गुरुवारी, प्रवासाचा शीण असताना, कुठलंही तिकीट काढू नका. क्रॉइत्सबर्गमध्ये लांडव्हेर कालव्यावर आडमिरालब्र्युकं नावाचा जुना लोखंडी पूल आहे, तिथे जा. लोक रस्त्यावरच बसतात, गाड्या अंग चोरून जातात. कोणी गिटार आणतं, कोणी पिझ्झा. कोपऱ्यावरच्या श्पेटीतून, म्हणजे रात्री उशिरापर्यंत उघड्या असणाऱ्या दुकानातून, काकांनी बिअर घ्यावी, काकूंनी रुबार्बचं सरबत. इथे रस्त्यावर पिणं गुन्हा नाही, फक्त ऊ-बानमध्ये बाटली तोंडाला लावू नका. दहा वाजता वाद्यं थांबतात, कारण दहानंतर शांतता पाळायची असा इथे नियम आहे, आणि वरच्या मजल्यावरचे लोक तो विसरू देत नाहीत.

रिकामी बाटली कचऱ्याच्या डब्यात टाकायची नाही. डब्याच्या शेजारी उभी ठेवायची. काचेच्या बिअरच्या बाटलीवर ८ सेंट परत मिळतात, प्लॅस्टिकच्या एकदाच वापरायच्या बाटलीवर २५. ते गोळा करत हिंडणारी माणसं असतात, त्यात पेन्शन न पुरणारे म्हातारेही आहेत. त्यांना डब्यात हात घालायला लागू नये म्हणून ही रीत. एक गृहस्थ मला कामावर जाताना नेहमी भेटतात, टाय लावलेला असतो, सायकलला दोन पिशव्या. तुमच्या हातातली बाटली अर्धी असेल तर ते लांब उभे राहून वाट बघतात. घाई करत नाहीत, मागतही नाहीत.

शुक्रवारी काकूंसाठी फिलहार्मोनी. बर्लिनच्या प्रसिद्ध वाद्यवृंदाचं घर, हान्स शारूनने बांधलेलं, १९६३ सालचं. बाहेरून पिवळा तंबू वाटतो. आत वादक मध्ये आणि श्रोते चारी बाजूंनी, द्राक्षमळ्यासारखे पायऱ्यापायऱ्यांनी वर चढत गेलेले. तिकीट वाद्यवृंदाच्या मागचं बघा. ते स्वस्त असतं आणि तिथून संचालकाचा चेहरा दिसतो. माझ्या मते तीच सगळ्यात चांगली जागा. समोरून दिसतो तो नुसता कोट, मागून दिसतं की हा माणूस एका बासरीवाल्याकडे बघून भुवई उचलतोय आणि बासरी खाली येतेय. मैफलीत तबलजीकडे टाकलेली नजर असते ना, तेच. मोसम जूनअखेर संपतो, म्हणून आजच चौकशी करा.

तिकीट नाही मिळालं तर शार्लोटनबुर्गला ए-ट्रेन. नाव आगगाडीचं, पण आहे जॅझ क्लब, १९९२ पासून. लहानशी खोली, टेबलं इतकी जवळ की सॅक्सोफोनवाल्याने श्वास घेतलेला ऐकू येतो. गुडघ्याला खुर्ची मिळेल, पण लवकर जा. जॅझवाले एकमेकांना जागा करून देतात, उचलतात, परत समेवर येतात. काकूंना पाचव्या मिनिटाला कळेल, मला दोन वर्षं लागली.

आता बर्गहाइन. वेडेपणा अजिबात नाही. ओस्टबानहोफपासून दहा मिनिटं चालत, तुमच्या हॉटेलपासून थोडं जास्त. मूळचं औष्णिक केंद्र, पूर्व जर्मनीच्या काळातलं, २००४ पासून क्लब. शनिवारी मध्यरात्री जे सुरू होतं ते सोमवारी सकाळपर्यंत थांबत नाही, त्यामुळे रांग रविवारी दुपारीही असते. तुम्ही रविवारी नाश्ता करून गेलात तरी चालेल. लोकांचे फोटो मात्र काढू नका, ते फार मनावर घेतात. दारावरचा सगळ्यात नावाजलेला माणूस म्हणजे स्वेन मार्क्वार्ट, चेहऱ्यावर गोंदण असलेला, स्वतः चांगला छायाचित्रकार. ऐंशीच्या दशकात पूर्व बर्लिनमध्ये तो फोटो काढायचा.

मला स्वतःला एका क्लबच्या दारावरून (हा नव्हे, दुसरा, नाव सांगत नाही) परत पाठवलंय. फेब्रुवारी, आम्ही चौघी नर्स, पावणेदोन तास रांगेत. माझी पाळी आली तर त्या माणसाने माझ्याकडे बघून नुसती मान हलवली, जशी आपण भाजीवाल्याला "आज नको" म्हणताना हलवतो. कारण विचारायचं नसतं. चौघी माझ्या घरी आलो, खिचडी टाकली, तूप घातलं, आणि पहाटे चारपर्यंत हसत होतो. अपमान वगैरे वाटला नाही म्हटलं तर खोटं होईल.

ढोलताशा

ताईंना दुजोरा, पण क्लबांची बाजू मांडायला कोणीतरी पाहिजे. मी इथे शिकतो आणि महिन्यातून दोनदा जातो.

काका, हे नुसतं "धाडधाड" नाही. भिंत पडली तेव्हा पूर्व भागात कारखाने, तळघरं, वीजकेंद्रं रिकामी पडली होती आणि मालक कोण हे कोणालाच सांगता येत नव्हतं. पोरांनी जनरेटर आणि स्पीकर नेले. ट्रेझोर १९९१ मध्ये सुरू झाला तो एका जुन्या डिपार्टमेंट स्टोअरच्या तिजोरीघरात! खरोखरच्या गंजलेल्या लॉकरांमध्ये लोक नाचायचे. आता तो क्योपेनिकर श्ट्रासंवरच्या जुन्या वीजकेंद्रात आहे. २०१६ मध्ये कोर्टाने बर्गहाइनच्या कार्यक्रमांना मैफलीच्या दर्जाचं मानलं, म्हणजे कर १९ ऐवजी ७ टक्के. २०२४ मध्ये बर्लिनचा टेक्नो, म्हणजे या क्लबांतलं इलेक्ट्रॉनिक संगीत, जर्मनीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत गेला. तरी भाडी परवडत नाहीत. श्प्रे नदीवरचा वॉटरगेट, मी पहिल्यांदा जिथे गेलो तो, २०२४ अखेरीस बंद झाला. खिडकीतून नदीवर उजाडताना दिसायचं. असो.

दारावर मोबाइलच्या कॅमेऱ्यावर स्टिकर लावतात ते मला सगळ्यात आवडतं. आत कोणी स्वतःचे फोटो काढत नाही, त्यामुळे सगळे खरंच तिथे असतात. आणि साठीचे लोक आत असतात बरं का, मी बघितलेत. न पिणारेही. पाणी घेऊन सहा तास नाचणारी एक बाई मला माहितीय.

सावधगिरीचं एकच. तुमच्या स्टेशनजवळ रात्री एखादा अनोळखी माणूस हसत गळ्यात हात टाकून नाचायला लागला तर प्रेमाने नाही करत, पाकीट मारतोय. पुढचा खिसा, हात वर. आणि हॉटेल स्वस्त का, ते शुक्रवारी रात्री दोनला कळेल. समोरच्या जुन्या रेल्वे वर्कशॉपच्या आवारात क्लबच क्लब आहेत. कानात घालायचे बोळे आणा.

निवांत

सगळ्यांचे आभार. बोळे यादीत टाकले. हिने धागा वाचला आणि "झोपेची ताई" आवडली म्हणाली. दोन शंका. रात्री उशिरा शाकाहारी काय मिळेल? आणि गर्दी-आवाज नको, नुसती शांत बसून बघण्यासारखी एखादी जागा?

रात्रपाळी

शांत जागा: संसदेचा काचेचा घुमट, राइश्टागवरचा. फुकट आहे, पण आधी ऑनलाइन नाव नोंदवायला लागतं आणि पासपोर्ट लागतो. मध्यरात्रीपर्यंत उघडा असतो, शेवटचा प्रवेश पावणेदहाच्या आसपास. नऊची वेळ घ्या. लिफ्टने गच्चीवर, पुढे गोल गोल चढण, पायऱ्या नाहीत, गुडघा तक्रार करणार नाही. सूर्यास्त वरून बघा. खाली डोकावलं तर सभागृहातल्या रिकाम्या निळसर-जांभळ्या खुर्च्या दिसतात.

खाणं: साधी हॉटेलं दहाला स्वयंपाकघर बंद करतात. वेटर "क्युखं त्सू" म्हणाला की वाद घालू नका, भांडी घासून झालेली असतात. नॉयकोल्नमध्ये झोनेनआलेवर मात्र अरबी खानावळी उशिरापर्यंत असतात. फलाफल, हुम्मुस, वर लोणचं. एक धोका सांगते. "गेम्युझं केबाप" असं लिहिलेलं दिसेल, गेम्युझं म्हणजे भाजी, म्हणून काकू खुशाल घेतील. त्यात भाजीबरोबर कोंबडी असते! "ओन फ्लाइश" म्हणजे मांस नको, हे दोन शब्द पाठ करा. आणि रोख पैसे ठेवा, बरेच ठिकाणी कार्ड बघून कपाळाला आठ्या पडतात.

आणि हो, रविवारी २१ जून आहे! त्या दिवशी फेट द ला म्युझीक. शहरभर चौकाचौकांत, बागांत, फुटपाथवर लोक वाजवत असतात, फुकट. कोणी बरं, कोणी भीषण. काकूंचा चेहरा बघण्यासारखा होईल.

जाता जाता, इथे बार कितीही वाजेपर्यंत उघडे कसे, हे मी एका म्हाताऱ्या पेशंटला विचारलं होतं. तो म्हणाला, १९४९ पासून. पश्चिम बर्लिनच्या हॉटेलवाल्यांचा पुढारी हाइन्झ त्सेलरमायर व्हिस्कीची बाटली घेऊन अमेरिकन कमांडंटकडे गेला आणि बंद करायची वेळच रद्द करून घेऊन आला. नंतर बघितलं तर गोष्ट पुस्तकांतही तशीच आहे. पेशंटला वाटत होतं त्या बाटलीत त्याच्या काकांचाही वाटा होता. हे मात्र पुस्तकात नाही.

चिमणराव_हिंडफिरे

कोणी क्लेर्शेन्स बालहाउस सांगितलं नाही? आउगुस्टश्ट्रासंवर, १९१३ पासूनचा नाचाचा हॉल. वरच्या मजल्यावर आरशांचं दालन, आरसे तडकलेले, तसेच ठेवलेत. नाच कधी असतो ते आधी त्यांच्या संकेतस्थळावर बघून जा. मी गेलो तेव्हा एक पंच्याहत्तरीचे आजोबा एकामागून एक बायकांना नाचायला उठवत होते. माझी बायको तिसरी. मी कोट सांभाळत बसलो.

निवांत

परत आलो, म्हणून वृत्तांत.

झोपेचं औषध लागू पडलं. चारही दिवस चार ते सहा झोपलो, एकदाही बाराच्या आत खोलीवर आलो नाही. फिलहार्मोनीची तिकिटं संपली होती, त्यामुळे ए-ट्रेन. ही पहिली दहा मिनिटं हाताची घडी घालून बसली होती, मग मांडीवर बोटं चालायला लागली, मध्यंतरात म्हणाली, "तो पियानोवाला फार सज्जन आहे, दुसऱ्याची तान पुरी होऊ देतो." घुमटावर वारा होता, तिची ओढणी उडाली आणि एका जर्मन पोराने धावत जाऊन आणून दिली. बालहाउसला जमलं नाही. रविवारच्या चौकातल्या संगीताबद्दल ती अजून बोलायला तयार नाही.

रांग बघितली. रविवारी सकाळी दहाला, पुलावरून चालत. सगळे काळ्या कपड्यांत, कोणी बोलत नाही, एखाद्या दहाव्याला आल्यासारखे. आम्ही लांब कुंपणाशी उभे. आतून भिंतीतून ठोके येत होते, कानाला कमी, पायाला जास्त. हिने डोळे मिटून ताल धरला. बराच वेळ धरला. मी म्हटलं, कुठला? म्हणाली, "चार मात्रांचा आहे. पण खाली नाही, टाळी नाही. प्रत्येक मात्रेवर समच."

तेवढ्यात रांगेतल्या एका मुलीने हिच्याकडे बघून विचारलं, आत यायचंय का, माझ्यापुढे उभ्या राहा. ही चक्क विचारात पडली! मी गुडघ्याचं कारण सांगितलं.

ढोलताशा

"प्रत्येक मात्रेवर समच" 🙏 काकूंचं हे वाक्य मी वापरणार आहे. पुढच्या वेळी गुडघा हॉटेलवर ठेवून या.

रात्रपाळी

रविवारी दहाला? मी साडेसातला त्याच पुलावरून घरी गेले होते. काकूंना सांगा, आत गेल्या असत्या तर सोमवारची गाडी चुकली असती.